मिशीवाली बहीण

या, टेका असे. घाई न्हाई ना? मंग सांगतो तुमाला एका मिशीवाल्या बाईची गोष्ट. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. त्या गावानं बी पहिल्यांदा हसूनच घेतल्तं.

भुजंगाच्या वरच्या ओठावर साबणाचा फेस होता. मच्छिंद्र न्हाव्यानं वस्तरा चामड्यावर घासला, भुजंगाचं नाक चिमटीत धरून वर केलं, अन् वस्तरा टेकवणार तेवढ्यात मागून एक काठी आली. काठी कोणाला लागली न्हाई. मच्छिंद्राचं मनगट अन् भुजंगाचं तोंड, ह्याच्या बराबर मधी येऊन थांबली.

"मच्छिंद्रा," काठीवाला म्हणला, "मी मेलो का रे?"

हा धर्मराज आबा. भुजंगाचा बाप. कुंभार पिंपळगावाच्या अलीकडं त्यांचं गाव. काळी जमीन, विहिरीला पाणी, पारावर बसायला पहिली जागा. वय झाल्तं, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातला बैल थांबावा.

"न्हाई आबा, असं कसं बोलता," मच्छिंद्र म्हणला अन् त्यानं वस्तरा मिटला.

आता तुमाला ठाऊक हाय, आपल्याकडं मिशी कवा उतरते. बाप गेल्यावर. बाप जित्ता असताना पोरानं मिशी काढली म्हणजे त्यानं बापाला जित्तेपणीच लाकडावर निजवला. आबा काही उगाच काठी घेऊन आला नव्हता.

भुजंग फेसासकट बोलला, "उद्या खेळ हाय, आबा. परभणीच्या बाईचा निरोप आला, तिचं लेकरू गोवरानं पडलं. तिचं काम मला करावं लागतंय. मिशी काय, येती परत."

"मिशी येती परत. माझी इज्जत येती का?"

जालना जिल्हा नवा नवा झाल्ता त्या वक्ताची ही गोष्ट. त्या गावात जत्रेला दरसाल नाटक व्हायचं. गड्यांची कामं गावातलेच करायचे, बाईच्या कामाला परभणीवरून नटी आणायचे. ती उतरायची थेट खेळाच्या दिवशी. तवर तालमीत तिची वाक्यं बोलायची कोणी? तर भुजंगानं. कारण भुजंग पडद्यामागचा माणूस. कोणी अडकला की आतून वाक्य पुरवायचं, हे त्याचं काम. सगळ्यांची सगळी वाक्यं त्याला पाठ. गावानं त्याचा आवाज लय वर्सं ऐकल्ता, पण उजेडात त्याचं तोंड कधी पाह्यलं नव्हतं. बाईचं का असंना, हे त्याचं पहिलं काम होतं. त्याला ते सोडायचं नव्हतं.

"काढ मिशी," भुजंग मच्छिंद्राला म्हणला.

"तुझा बाप समोर उभा हाय, भुजंगा. माझ्याच्यानं व्हणार न्हाई."

भुजंगानं गळ्यातला टॉवेल ओढला, फेस पुसला. खालची मिशी तशीच काळीभोर, टोकाला पिळलेली.

"बरं. ऱ्हाऊ द्या मिशी. पण काम मी करणार."

"मिशीसकट? बाईचं?"

"मिशीसकट."

आबा हसला. हसला म्हणजे नुसते दात दाखवले. "लोक खो खो हसतील. माझ्या नावाला हसतील. आन ऐक, लोक हसले तर भाकरीला माझ्या दारात यायचं न्हाई."

"न्हाई येणार," भुजंग म्हणला.

दोघं बी एकाच मातीचे. मच्छिंद्र बिचारा पाण्याची वाटी घेऊन मधी उभा.

दुपारी शाळेत तालीम लागली. नाटक मार्तंड गुरुजींनी लिहिलेलं. भला माणूस, अंबडचा. नाटकात होतं काय, तर एक भाऊ आपल्या बहिणीला, कौसाला, तालुक्याच्या कचेरीत घेऊन जातो. बापाच्या जमिनीतला वाटा तिनं सोडला म्हणून कागदावर तिचा अंगठा घ्यायला. कौसा रडते, अंगठा देते, भावाच्या पायावर डोकं ठेवते अन् म्हणते, माझं माहेर सुखी राहू द्या. पडदा.

गावाला ह्या नाटकाची भारी ओढ लागल्ती. कामून? तर जमीनवाल्या प्रत्येक घरातून एखादी बहीण अंबडला, तालुक्याला जाऊन असा अंगठा देऊन आल्ती. तिच्या नावानं घटकाभर रडलं की बरं वाटतं माणसाला. जमीन बी राहती, मन बी हलकं होतं.

भुजंग उभा राह्यला. आवाज बारीक केला, कंबर हलवली, मान वाकडी केली अन् म्हणला, "दादाऽऽ, मला कुठं घेऊन आलास रे?"

सर्जेराव भावाचं काम करून राह्यल्ता. त्यानं भुजंगाच्या मिशीकडं बघितलं अन् भिंतीला टेकून असा हसला की टोपी पडली. गावचा टवाळ पुंजाराम खिडकीतून वरडला, "ह्या बहिणीला अंगठा नका मागू, ही फौजदार हाय! उलट तुमालाच आत घालीन!"

शाळा हसली. गुरुजी हसले न्हाईत. त्यांनी भुजंगाला बाजूला घेतलं.

"भुजंगराव, पदर नाकापर्यंत ओढून घ्या. लोकांकडं पाठ करून उभे राहा. न्हाई तर ह्या साली राहू द्या खेळ. जत्रेत हसू व्हण्यापरीस बरं."

"खेळ व्हणार, गुरुजी. अन् पाठ करून मी उभा राहणार न्हाई. माझं सगळं आयुष्य पडद्याच्या मागं गेलं."

गुरुजींनी वही मिटली.

घरी द्वारकाबाई अंगणात ज्वारी पाखडून राह्यल्ती. भुजंगाची बायको, तोंडाची फटकळ. भुजंग तिच्यासमोर चालून दाखवायला लागला. हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. बारीक आवाजात बोलला बी. द्वारकाबाईच्या हातातलं सूप हसण्यानं कलंडलं, ज्वारी सांडली, कोंबड्या धावल्या.

"काय दात काढून राह्यली? शिकव की."

"काय शिकवू, माय! आमी अशा चालतो व्हय? ही कोणची बाई करून राह्यले तुमी?"

"कोणची म्हणजे? बाई."

"बाई म्हणून कोणी नसतं जी. कोणची तरी असती. मी चालते ती येगळी, दुर्गा मावशी चालती ती येगळी. तुमची कोणची?"

ती सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं, बोलून गेली ती. पण भुजंग उभा होता तसा उभाच राह्यला. मंग मुकाट्यानं गोठ्यात गेला अन् बैलाच्या पाठीवर हात ठेवून बसला.

त्याला गोजर आत्या दिसली.

गोजरबाई. आबाची पाठची बहीण. परतूरला दिलेली. ह्या घरात तिचं नाव घ्यायची चाल नव्हती. तिला अंबडला नेलं तवा भुजंगाला नुकतं मिसरूड फुटत होतं. गाडी हाकायला तोच होता. कचेरीच्या आवारात कडूलिंबाच्या झाडाखाली ती बसली. बसायच्या आधी पदरानं जागा झाडली, पण आपली न्हाई, भावाची. मंग बसली, अन् उजवा हात लुगड्याच्या घोळात घातला. आबा म्हणला, आण हात. ती रडली न्हाई, बोलली न्हाई, भांडली न्हाई. हात काढला न्हाई, बस्स. कुठं तरी बघत राह्यली. शेवटी आबानं मनगट धरून हात बाहेर ओढला अन् शाईवर दाबला. त्या दिवसापून ती माहेराला आली न्हाई. ना दिवाळीला, ना भुजंगाच्या लग्नाला.

भुजंग गोठ्यातून बाहेर आला तवा त्याचं तोंड बदलल्तं. द्वारकाबाईला म्हणला, "उद्या मला लुगडं तू नेसव. गोजर आत्या नेसायची तसं. दुर्गा मावशीला इचारून घे, तिला म्हाईत हाय."

द्वारकाबाईचा हात सुपातच थांबला.

"आवं, आबा येणार हायेत बघायला."

"येऊ दे."

"बघा बरं."

"बघितलंय मी. म्हणून तर करतो."

दुसऱ्या दिवशी खेळ दिवस मावळायलाच उभा केला, कारण अंधार पडला की लाईट जायची. मारुतीच्या देवळापुढं फळ्यांचा मंडप, हिकडं गडी, तिकडं बाया. आजूबाजूच्या गावचे पावणे बी लय. आबा सगळ्यात मागं, बाभळीला पाठ लावून, काठी घेऊन उभा. बसला न्हाई. मिशी जाग्यावर हाय का, तेवढं बघायला आलो, असं तो दोघा-तिघांना सांगून राह्यल्ता.

पडदा उघडला. पुठ्ठ्याचं कडूलिंबाचं झाड. सर्जेराव पुढं, मागं भुजंग. हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू, डोक्यावरून पदर, अन् त्याच्या खाली ती मिशी. उघडी. झाकली बिलकुल न्हाई.

मंडप फुटला हसण्यानं. लेकरं वरडली, म्हातारे खोकायला लागले. पुंजाराम उभा राहून वरडला, "वहिनी, जरा पीळ द्या की टोकाला!"

भुजंगानं तिकडं बघितलं बी न्हाई. लाजला न्हाई, पदर ओढला न्हाई, घाई केली न्हाई. तो झाडापाशी आला. वाकला. पदराच्या टोकानं जागा झाडली. एक खडा उचलला, बाजूला टाकला, परत हात फिरवला अन् सर्जेरावाला हातानंच सांगितलं, बस. मंग आपण थोडा मागं, मातीत बसला. बसताना गुडघ्यावर हात ठेवला, जसं दिवसभर निंदून आलेलं माणूस बसतं. पायाला बोचलेलं कुसळ बघितलं, काढलं, फेकलं. आवाज बारीक केला न्हाई. आपल्याच आवाजात म्हणला, "दादा, उन्हात नको बसू. इकडं सरक."

बायांकडचं हसणं पहिल्यांदा थांबलं. ते मी ह्या कानांनी ऐकलं; पावण्यांत मी बी होतो. गडी हसत होते अन् बाया गप झाल्या, अन् मंग गड्यांना आपल्याच हसण्याचा आवाज मोठा वाटायला लागला. एकेक करून ते बी गप झाले. दुर्गा मावशीनं तोंडाला पदर लावला अन् शेजारणीला म्हणली, "आगं बाई, ही तर..." पुढचं ती बोलली न्हाई.

मिशी होती की. तोंडावर तशीच होती. पण थोड्या वेळानं ती कोणाला दिसंना. कसं झालं ते मला इचारू नका. मी त्याच्या नंतर मोठमोठे नट बघितले, छाती पिटणारे, खांबावर डोकं आपटणारे. ते रडायचे अन् मी त्यांच्या रडण्याकडं बघायचो. हा रडत नव्हता, अन् मला वाटत होतं, आता ह्या बाईला कोणी तरी तांब्याभर पाणी द्या.

अंगठ्याचा वक्त आला. सर्जेरावानं कागद काढला, शाईची डबी उघडली.

"कौसा, आण हात."

भुजंगानं उजवा हात लुगड्याच्या घोळात घातला.

इथं तिनं रडायचं होतं. परभणीची बाई इथं अशी रडली असती की परतूरला ऐकू गेलं असतं. भुजंग गप. लोकांच्या डोक्यावरून कुठं तरी बघत बसला. पडद्यामागून आता गुरुजी वाक्य पुरवून राह्यल्ते. त्यांना वाटलं, हा अडकला. त्यांनी हळू सांगितलं, "दादा, घे माझा अंगठा..."

भुजंग गप.

"दादा, घे माझा अंगठा," गुरुजी मोठ्यानं म्हणले. पहिल्या रांगेनं ऐकलं. कोणी हसलं न्हाई.

सर्जेराव ओठ न हलवता पुटपुटला, "भुज्या, दे की अंगठा. जल्दी."

भुजंग गप. हात घोळात. सर्जेराव कागद धरून तसाच वाकलेला. त्यानं हात पुढं केला, मनगट धरावं म्हणून. धरवंना. हात हवेतच राह्यला अन् परत गेला. त्या माणसानं खऱ्या आयुष्यात आपल्या बहिणीचा अंगठा घेतल्ता बरं का, पण मंडपात त्याला तो हात धरवंना. सगळा मंडप त्या लुगड्याच्या घोळाकडं बघून राह्यल्ता. एखादं लेकरू कुरकुरलं तर त्याची माय त्याचं तोंड दाबत होती. देती का न्हाई देत, ह्याच्यावरच जसं सगळ्यांचं काही तरी टांगलं होतं.

"गोजर."

आवाज मागून आला. बैल थांबवणारा आवाज. सगळ्या माना वळल्या.

आबा बाभळीपून सुटला होता. चार पावलं पुढं येऊन गड्यांच्या मधी उभा होता. काठी बाभळीलाच राहिल्ती. डोळे मंचावर.

"गोजर," आबा म्हणला, "नको देऊ. न्हाई द्यायचा तर नको देऊ. ऊठ तिथून. घरी चाल."

बापानं आपल्या पोराला हाक मारली असती, तर पोरगं उठलं असतं. पण हाक भुजंगाला नव्हतीच. अन् भुजंगाला ते कळलं. त्यानं मान हळू वळवली. पदर सावरला. उजवा हात तसाच घोळात.

"कोणत्या घरी, दादा?"

बस्स. एवढंच. आवाज चढवला न्हाई. पाणवठ्यावर शेजारणीला इचारावं तसं इचारलं. गुरुजींच्या नाटकात हे वाक्य नव्हतं. पडदा गुरुजींनी सोडला का दोरी सुटली, त्याच्यावर त्या गावात अजून वाद हाय. टाळ्या पडल्या न्हाईत. लोक उठले, चपला शोधल्या अन् न बोलता पांगले. पुंजाराम बी.

भुजंग घरी गेला न्हाई. लोक हसल्ते ना पहिल्यांदा. शब्द म्हणजे शब्द. तो शाळेच्या ओसरीवर लुगड्यातच पडून राह्यला. द्वारकाबाई भाकरी घेऊन आली तर तिला म्हणला, "आबाच्या घरची असंल तर ने परत."

"माझ्या हातची हाय," ती म्हणली. "खायची तर खा, न्हाई तर कुत्रं हाय तिथं."

त्यानं खाल्ली.

सकाळी तो शाळेसमोरच्या हापशावर तोंड धुवायला आला, तर रस्त्याच्या कडंला आबा उभा. धुतलेलं धोतर, लग्नाला बांधायचा फेटा. हातात एक पिशवी. दोघांनी एकमेकांना बघितलं. हापशातून पाणी ठिबकत होतं.

"परतूरची गाडी गेली का?" आबानं इचारलं.

"न्हाई अजून."

आबा रस्त्याकडं बघत राह्यला. मंग हापशापाशी आला अन् दांडा दाबायला लागला. भुजंगानं ओंजळ धरली. बाप पाणी काढून राह्यला, पोरगं तोंड धुऊन राह्यलं.

"कपाळाचं ऱ्हायलं," आबा म्हणला.

भुजंगानं कुंकू पुसलं. हात लाल झाला.

"काय म्हणंल रे ती?" आबा एकदम म्हणला. पोराला न्हाई इचारत माणूस असं. ज्याला आतलं ठाऊक हाय, त्याला इचारतं. "बोलंल का माझ्याशी?"

भुजंगाला वाटलं असतं तर काही गोड बोलला असता. सुचत होतं त्याला. लोकांना वाक्यं पुरवण्यातच जन्म गेल्ता त्याचा.

"तिलाच इचारा, आबा," तो म्हणला.

आबानं मान हलवली. तेवढ्यात गाडी आली, धुरळा उडाला, अन् आबा दांडीला धरून चढला. भुजंगानं हात दिला न्हाई, अन् आबानं मागितला बी न्हाई.

दिवस बुडायला आबा परत आला. पिशवी रिकामी होती. शाळेच्या ओसरीवरच्या भुजंगाला हाक मारली अन् म्हणला, "जेवायला चल." बाकी काही न्हाई. परतूरला काय झालं, कोण काय बोललं, का नुसतं समोरासमोर बसून राह्यले, ते आबानं मरेस्तोवर कोणाला सांगितलं न्हाई. भुजंगानं इचारलं न्हाई.

आता आबा न्हाई. गोजरबाई हाय. परतूरला, स्टेशनाच्या अंगाला लेकाकडं राहती, थकली म्हणतात. मी तिला जन्मात पाह्यलं न्हाई. मी पाह्यली ती भुजंगानं केलेली. तुमचं परतूरला जाणं-येणं हाय म्हणून एक काम सांगतो, न्हाई म्हणू नका. कधी गेलात तर घडीभर तिच्याकडं बसा. जुनं काही काढू नका, अंबडचं तर बिलकुल न्हाई. तिच्या घरचा चहा घ्या, अन् ती उठती कशी, बसती कशी, समोरच्याकडं बघती कशी, तेवढं नीट बघा. अन् भुजंगानं केली ती बराबर होती का, हे मला येऊन सांगा.